मिशी कुणासाठी

"पण बाबा, पोरं हसली की नाही?"

"हसली."

"मग?"

लहानूबाबांनी अडकित्त्यात सुपारी धरली, कातरली, तोंडात टाकली.

...

प्रभंजन नेरकर ओट्यावर उत्तराची वाट बघत बसले. वाट बघायची त्यांना सवय नव्हती. चार कादंबऱ्या, दोन मोठे पुरस्कार, आणि 'वाचून रडलो' असं कळवणारी पत्रं खोकाभर. लोकांना रडवण्यात हयात घालवलेला हा माणूस अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एकाएकी म्हणाला, आता मी हसवणार, आणि तेही चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना. बायकोनं एवढंच विचारलं होतं, "तू?"

तो एक शब्द त्यांना फार झोंबला होता.

कादंबरी अशी. नववीतल्या रग्याच्या शाळेत पालकसभा असते. रग्या खोटी मिशी लावून, स्वतःचाच काका बनून सभेला जातो, आणि पुढं दोनशे ऐंशी पानं नुसता गोंधळ. सोंग कसं वठवतात ते कळावं म्हणून प्रभंजन दोन वर्षांपूर्वी या गावी आले होते. लहानूबाबा म्हणजे त्या भागातले नावाजलेले बहुरूपी. हवालदाराच्या सोंगात खऱ्या फौजदाराला दम भरलेला माणूस. चार दिवसांसाठी आलेले प्रभंजन त्यांच्या पायाशी बसले आणि मग दर महिन्याला येत राहिले. बाबा त्यांना अरे-तुरे करीत. बाबा कलेक्टरलाही अरे-तुरे करीत.

आज सकाळी प्रभंजनांनी गावच्या हायस्कुलात नववीच्या वर्गाला तीन प्रकरणं वाचून दाखवली. वर्ग हसून लोळला. काकाची मिशी चहात पडते तिथं तर वर्गशिक्षकांनीही रुमाल तोंडात कोंबला.

मागच्या बाकावर काठी टेकून बसलेले लहानूबाबा तेवढे हसले नाहीत.

सोमवारी पुस्तक छापायला जायचं होतं. अख्खा वर्ग हसला तरी हा एक म्हातारा हसल्याशिवाय ते जाऊ द्यायला प्रभंजनांचं मन तयार होईना. तसं त्यांनी कबूल मात्र केलं नसतं.

"बाबा, मी हे उगाच लिहीत सुटलो नाही," ते म्हणाले. "एक भिंत कार्डांनी भरली होती. जिथं हशा, त्या कार्डावर टिकली. बायकोची पाकिटंच्या पाकिटं संपवली. एकशे बारा टिकल्या झाल्या. दर अडीच पानांना एक हशा. कुठं तीन-चार पानं कोरडी गेली, की मी तिथं कुणाला तरी पाडायचो."

"पाडायचास?"

"जिन्यावरून. झाडावरून. एकदा विहिरीत."

बाबांनी मान डोलावली, एका सुतारानं दुसऱ्याचे पाट-चौरंग बघून डोलवावी तशी. प्रभंजन सुखावले.

"मोजमाप बरं हाय," बाबा म्हणाले. "आता सांग. पोरानं मिशी कशापाई लावली?"

"हशा यावा म्हणून."

"ते तुझं झालं. तुला हशा पायजे व्हता. पोराला काय पायजे व्हतं?"

"त्याला... सभेला जायचं होतं."

"त्याचा बाप कुठं गेला?"

"परगावी असतो. कामानिमित्त. दुसऱ्या पानावर आहे ते."

"किती वळी?"

"एक."

"आन् विहिरीची पानं किती?"

...

"नऊ," प्रभंजन म्हणाले.

त्यांना राग आला. दोन वर्षं घाम गाळून केलेल्या कामात ज्याला अक्षर वाचता येत नाही तो माणूस नेमका एका ओळीवर बोट ठेवत होता.

"ही विनोदी कादंबरी आहे, बाबा. बाप मी आधीच्या पुस्तकांत लिहून मोकळा झालोय. चारही पुस्तकांत बाप आहेत."

"त्यात तुझा कंचा?"

...

आता सुपारी नव्हती, अडकित्ताही खाली ठेवलेला होता. बाबा नुसते बघत होते. प्रभंजनांनी हस्तलिखिताच्या कडा सारख्या केल्या. त्या सारख्याच होत्या.

"आमची रीत सांग," बाबा म्हणाले.

ही रीत प्रभंजनांना पाठ होती. "सहा दिवस सहा सोंगं. सातव्या दिवशी बिनरंगाच्या तोंडानं, आपल्याच कपड्यांत, पुन्हा त्याच दारांत जायचं."

"मंग लोकं काय करायची?"

"...ते माझ्या वहीत नाही."

"हसायची. समद्यांत जास्त त्या दिशी हसायची. हवालदार म्हून ज्याला खुर्ची दिली, त्यो ह्यो किडमिड्या व्हय, म्हून. पयल्या सालाला मला लई लाज वाटली. सातव्या दिशी गेलोच न्हाई, घरी पळून आलो. बापानं त्याच पावली माघारी धाडला."

"का?"

बाबा उठले. घरात जाऊन पत्र्याची एक चपटी डबी घेऊन आले. डबीत मिशा होत्या, जाळीवर केस ओवून केलेल्या, प्रत्येकीखाली कागद. त्यांनी एक भरघोस मिशी उचलली, तिच्या पाठीला डिंक लावला.

"तोंड वर कर."

"बाबा, काय चाललंय?"

"हलू नगंस."

मिशी बसली. बाबांनी अंगठ्यानं ती दाबली, मग दोन पावलं मागं सरले, पाठ ताठ केली, नाकावर नसलेला चष्मा वर सरकवला आणि प्रभंजनांकडं पाहिलं. प्रभंजन कळायच्या आत सावरून बसले. समोर हेडमास्तर होते.

"या. आपण विद्यार्थ्याचे काका ना?" आवाज कोरडा, भाषा धुतल्या तांदळासारखी. "मुलाचे वडील का आले नाहीत?"

"ते परगावी..."

"काका, या शाळेत खोटं चालत नाही."

...

प्रभंजनांना हसायचं होतं. पण हेडमास्तर हसत नव्हते आणि मिशीखाली ओठ जड झाले होते.

"त्याला सभेचं माहीतच नाही, सर," काका म्हणाले. "पोरानं सांगितलं नाही."

"कारण?"

"माझा भाऊ बोलताना अडखळतो."

"काय करतात?"

"एस.टी. स्टँडवर कंट्रोलर आहे. माईकवर गाड्या पुकारतो." काकांचा आवाज जरा मोकळा झाला. "पण माईकवर कधी अडत नाही, सर. एकदाही नाही. माईक तोंडाशी आला की आवाज असा घोटीव, की परगावचे लोक विचारायचे, हा कुणी रेडिओवरचा आहे का. पोरगा शाळा सुटली की स्टँडवरच्या बाकावर ऐकत बसायचा. शेजारच्याला सांगायचा, हा आवाज आमच्या अण्णांचा."

"मग अडचण कुठे आली?"

"आठवीत सभेला अण्णा आले. मास्तर म्हणाले, पालकांनी उभं राहून नाव सांगा. ते उभे राहिले. न... न... न... पुढं सरकेचना. वर्ग अगदी चिडीचूप. आणि मग कुणीतरी फिस्सकन हसलं."

"कोण?"

...

मिशी थरथरली.

"मी," प्रभंजन म्हणाले.

हेडमास्तरांनी तो नसलेला चष्मा खाली उतरवला.

"आधी मी हसलो. मग सगळे हसले. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मग काय केलं ठाऊक आहे? मूठ वळून तोंडापुढं धरली, माईकसारखी, आणि एका दमात म्हणाले, 'प्रवाशांनी लक्ष द्यावे. प्रभंजन नेरकर यांचे वडील मार्गात बिघाड झाल्याने उशिरा धावत आहेत. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'"

लहानूबाबांचं पोट आधी हललं. मग खांदे. मग ते काठीसकट मागं भिंतीला टेकले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"हसू नका, बाबा."

"पुढं काय झालं?"

"काय होणार? छप्पर उडायची वेळ आली. हसू नका म्हणतो ना. मास्तर टेबलावर डोकं ठेवून हसत होते. पोरं बाकं बडवत होती. मी मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्यानंतर अण्णांना एकाही सभेचं सांगितलं नाही. दहावी होईपर्यंत. त्यांनी विचारलंही नाही."

"वर्ग कुनी हसवला?"

"काय?"

"समदा वर्ग. कुनी हसवला?"

...

"अण्णांनी," प्रभंजन म्हणाले.

म्हणाले, आणि त्यांची मान आपोआप ताठ झाली. नाव सांगता येत नाही, चाळीस पोरं हसतायत, स्वतःचं पोर हसतंय, आणि त्या क्षणाला या माणसाला हे सुचलं. भिंत नाही, कार्डं नाहीत, टिकल्या नाहीत. उभ्या उभ्या सुचलं. स्टँडवरच्या बाकावर बसून यायचा तो अभिमान पस्तीस वर्षांनी छातीत भरून आला. पुरस्कार घेताना एवढा कधी आला नव्हता. त्यांना हसू फुटलं, आवरेना. मिशी एका बाजूनं सुटून लोंबायला लागली.

"उशिरा धावत आहेत," ते हसत हसत म्हणाले. "काय माणूस आहे, बाबा."

"हायेत?"

"आहेत. एक्याऐंशी वर्षांचे. माझ्याकडेच असतात. रोज विचारतात, नवीन काय लिहिलंस ते वाचून दाखव. मी सांगतो, अजून कच्चं आहे."

"खोटं न्हाई सांगत मंग."

प्रभंजनांनी मांडीवरचं हस्तलिखित उघडलं. दुसरं पान काढलं. 'वडील कामानिमित्त परगावी असत' या ओळीवर पेनानं रेघ मारली. मग त्यांचा हात थांबला.

"सोमवारी जायचं नाही हे आता. सहा महिने तरी लागतील."

बाबांनी हात पुढं करून त्यांच्या ओठावरून लोंबणारी मिशी सोडवून घेतली. पाठीचा डिंक नखानं खरवडून काढू लागले.

"पण बाबा... हे छापलं तर लोक अण्णांना हसतील."

लहानूबाबांनी मिशी कागदावर नीट पसरली.

"हसतीलच," ते म्हणाले. "पुस्तकाच्या समारंभात माईक कुनाच्या हातात देनार, तेवढं ठरव."