साळूचं प्रमाणपत्र

मुंग्यांना बोलायला सवड असायची, त्या काळची गोष्ट. वारुळातल्या साळूला प्रत्येक काम चार-चारदा सांगावं लागे. एकदा कळलं की मात्र ती ते विसरत नसे. तिला दाणे वाहणाऱ्यांच्या रांगेत जायचं होतं.

"आधी शीक, बाई," मुकादम मुंगळा म्हणाला.

तीन पावसाळे साळू खडे वाहायला शिकली. शेवटी सभा भरली. 'भार वाहण्यात प्रवीण' असं लिहिलेलं चिंचेचं पान तिला मिळालं. टाळ्या थांबेनात.

"मग उद्यापासून रांगेत येऊ ना, दादा?"

"बघू गं, घाई काय आहे?"

साळू पान उचलायला वाकली.

"अगं, राहू दे!" मुंगळा ओरडला. "तुला नाही झेपायचं."

त्याने दोन मुंग्यांना पान साळूच्या घरी पोचवायला सांगितलं. वाटेत दोघींना धाप लागली. मागून साळू रिकाम्या हातांनी चालत होती.