वडांगीच्या गढीवरची माणसं

वडांगीच्या गढीत आता बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही. बुरूज ढासळले, दिवाणखान्याच्या जागी बाभळी माजल्या. पायऱ्यांचे दगड कोणाकोणाच्या गोठ्यात गेले हे गावाला ठाऊक आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. नदीकडची एक भिंत तेवढी उभी आहे. भिंत पांढऱ्या मातीची, आणि तिच्यावर काळ्या रेघांनी काढलेली माणसं. डोकी म्हणजे नुसते गोल, हातपाय म्हणजे काड्या, डोक्यावर पाट्या. प्रत्येकाच्या शेजारी एक खूण आहे. कुठे चंद्रकोर, कुठे तीन ठिपके, कुठे कणीस. शेवटचा माणूस मात्र कमरेत वाकलेला आहे. त्याच्या डोक्यावर पाटी नाही आणि शेजारी खूणही नाही.

पाहुणे येतात, बघतात आणि हसतात. "पोराटोरांच्या रेघोट्या आहेत की हो," असं कोणीतरी म्हणतंच. गढी दाखवणारे गेनूतात्या त्यावर रागावत नाहीत. आधी पायताणं काढायला लावतात, सावलीला बसवतात आणि मग आजोबांकडून ऐकलेली हकिकत सांगतात. आजोबांनी ती कोणाकडून ऐकली, हे तात्यांनाही सांगता येत नाही.

फार वर्षांपूर्वी इथे रायाजीराव नावाचा सरदार होता म्हणे. माणूस मुळात वाईट नव्हता, असं तात्या आवर्जून सांगतात. त्याला फक्त थांबणं माहीत नव्हतं. मातीची भिंत पावसात चढवू नये, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. रायाजीरावाने ती भर आषाढात चढवली, कारण वास्तुशांतीचा मुहूर्त ठरला होता आणि बड्या बड्या पाहुण्यांना बोलावणी गेली होती. घराघरातून माणसं वेठीला ओढली. एका दुपारी ओली भिंत खाली बसली, आणि खालची माणसं खालीच राहिली.

शुभकार्याच्या तोंडावर सरदाराला अपशकुन नको होता. त्याने ढिगारा तिथेच चोपून घेतला आणि त्यावर पुन्हा भिंत उभी केली. जो मेलेल्यांचं नाव काढील त्याचं घर गावात राहणार नाही, अशी दवंडी फिरली. सरदाराची आई, आईसाहेब, तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. त्या परतल्यावरही त्यांच्या कानावर यातलं काही गेलं नाही.

आत दिवाणखान्यात तेव्हा पैठणकडचा अंबादास चितारी भिंती रंगवत होता. त्याचं नाव मोठं होतं, आणि ते मोठं आहे हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं. हत्ती, मोर, गजलक्ष्मी आणि मधोमध घोड्यावर स्वार झालेले रायाजीराव. आईसाहेबांनी परतल्यावर ते चित्र पाहिलं आणि विचारलं, "हा घोड्यावरचा कोण?"

"आपलेच चिरंजीव, आईसाहेब."

"असं होय," म्हणून त्या आत गेल्या. अंबादासाच्या ते जिव्हारी लागलं. त्याने मिशी बारीक केली, शेल्याचा रंग बदलला, तरी ते 'असं होय' त्याच्या कानातून जाईना.

एके सकाळी तो कुंचले धुवायला नदीकडे निघाला, तर नव्या भिंतीपाशी गाव गोळा झालेलं. नुकत्याच गिलावा केलेल्या मातीवर कोणीतरी तपकिरी रेघांनी माणसं काढली होती. हात गुडघ्याच्या खाली आलेले, मानेचा पत्ता नाही. अंबादासाला हसू आलं. मग त्याच्या लक्षात आलं, की दुसरं कोणीच हसत नाही. एकेक बाई एकेका आकृतीसमोर उभी होती. एक म्हातारी त्यातल्या एकाच्या पायावरून हात फिरवत होती. 

रायाजीराव आला, त्याने पाहिलं आणि हुकूम सोडला, "चुना फासा सगळ्यावर!"

एरवी वेठीच्या नावाने कपाळाला आठ्या घालणारी माणसं त्या दिवशी चुना कालवायला धावली. अंबादासाला वाटलं, भीतीपोटी. भिंत पांढरीशुभ्र झाली. ऊन तापलं तसा चुना वाळला, आणि वाळता वाळता त्याच्या आतून माणसं वर यायला लागली. सकाळी तपकिरी होती, ती आता काजळासारखी काळी झाली होती. दुसरा हात दिला, तर अधिकच काळी झाली.

पाहुण्यांना तात्या इथे थांबून समजावतात. परटाकडे कपड्यावर प्रत्येक घराची खूण घालतात ती बिब्ब्याच्या रसाने. ती धुऊन जाऊ नये म्हणून वरून चुना लावायचा, म्हणजे ती काळी होऊन पक्की बसते. मग कापड फाटेल, पण खूण जायची नाही. अंगावरची कापडं परटाकडे देणाऱ्या सगळ्या गावाला हे माहीत होतं. आपली कापडं कोण धुतं नि कसं धुतं, याची चौकशी सरदाराने कधी केली नव्हती.

गढीवरच्या हवालदाराच्या मात्र ते ध्यानात आलं. बिब्बा ज्याच्या हाताला लागतो त्याचा हात उतून फोड आल्याशिवाय राहत नाही. त्याने गावाला ओळीने उभं केलं आणि एकेकाचे तळवे बघत निघाला. कोंडाई परटीण पदराखाली हात घेऊन उभी होती. तिची पाळी यायच्या आतच ती दोन पावलं पुढे आली आणि तिने हात बाहेर काढला. बोटं फोडांनी भरली होती.

"म्या काढली. दुसऱ्या कुणाला हात लावू नगा."

"कशासाठी?" रायाजीराव गरजला.

"या घरांची कापडं यायची थांबली, सरकार. खुणा तेवढ्या माझ्यापाशी ऱ्हायल्या. मी त्यांचं काय करू?"

सरदाराने तिचा उजवा हात तोडायला सांगितलं. लाकडाचा ओंडका आणला गेला. पण गाव जागचं हललं नाही, आणि त्या गप्प उभ्या माणसांकडे बघून सरदारालाही वाटलं असावं, की आपल्या बाजूने कोणा जाणत्याने चार शब्द बोलावेत. तो अंबादासाकडे वळला.

"चितारीबुवा, तुम्ही यातले जाणकार. सांगा सगळ्यांना. हे चित्र आहे, की माझ्या भिंतीवर केलेली घाण?"

अंबादास 'घाण' एवढा एक शब्द बोलला असता, तर तो सुखाने परत आपल्या गजलक्ष्मीपाशी गेला असता. आणि ते खोटंही ठरलं नसतं, कारण त्याच्या हाताखालच्या कोणी असे पाय काढले असते तर त्याने कुंचला हिसकावून घेतला असता. शेवटची वाकलेली आकृती तर त्याला मुळीच कळली नव्हती. पण ती म्हातारी पुन्हा तिथेच येऊन उभी राहिली होती, आणि तिचा हात त्या काडीसारख्या पायावरून निघत नव्हता. आपण आयुष्यभर रंगवलेल्या एवढ्या भिंतींपैकी एकीवर तरी कोणी असा हात ठेवला होता का? त्याला एकही आठवेना, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटलं.

"चित्र आहे, सरकार."

"कशावरून?"

"मी आपल्याला काढलं, तर हे कोण ते आईसाहेबांना सांगावं लागलं. इथं सकाळपासून कोणाला काही सांगावं लागलेलं नाही."

रायाजीरावाचा चेहरा लालबुंद झाला. "ही सगळी गावची. एकमेकांना पढवलेली. आता आईसाहेबांनाच बोलवा. त्यांनी यातला एक जरी ओळखला, तर हिचा हात राहील. नाही ओळखला, तर हिच्याबरोबर तुमचाही उजवा हात जाईल."

आईसाहेब कधी गावात पायी फिरल्या नव्हत्या. वेठीचा कोणता माणूस त्यांच्या ओळखीचा असणार? हवालदाराने अंबादासाला कोंडाईशेजारी उभं केलं. तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. नखांत अजून मोराचा निळा रंग होता.

आईसाहेब आल्या. काय चाललंय ते त्यांना कोणी सांगितलं नाही. मुलगा एवढंच म्हणाला, की भिंतीवर कोणी ओळखीचं दिसतं का बघा. त्या पहिल्या आकृतीपासून सावकाश चालू लागल्या. चंद्रकोर गेली, तीन ठिपके गेले, कणीस गेलं. कुठेही त्यांचा पाय थबकला नाही. शेवटच्या वाकलेल्या माणसावरूनही त्यांची नजर निघून गेली, आणि हवालदाराने ओंडक्याकडे पाहिलं.

मग आईसाहेब मागे फिरल्या.

"अगं बाई, हा तर आपला लिंबाजी परीट. पायघड्या घालणारा. या घरात कुठलंही कार्य असो, माझ्यापुढे कापड अंथरत हा असाच वाकून मागं मागं सरकायचा. तोंड कधी धड बघितलं नाही मी त्याचं, पाठच बघितली. पण ही पाठ मी कुठंही ओळखीन. रायाजी, कुठे असतो हा हल्ली?"

कोंडाईच्या नवऱ्याचं नाव दवंडीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्याने घेतलं होतं. रायाजीराव आईकडे बघेना, भिंतीकडेही बघेना. खोटं सांगायला त्याच्यापाशी शब्द होते, पण समोर सगळं गाव उभं होतं.

"इथंच असतो, आईसाहेब," शेवटी तो म्हणाला. "या भिंतीखाली."

असं सांगतात, की आईसाहेबांनी तिथल्या तिथे पायातल्या वहाणा काढल्या. त्या पुन्हा पहिल्या आकृतीपाशी गेल्या आणि बोट ठेवून विचारलं, "आणि हा?" सरदाराला नाव माहीत नव्हतं. नाव कोंडाईने सांगितलं, आणि 'भिंतीखाली' हे मात्र आईसाहेबांनी दर वेळी मुलाच्या तोंडून वदवून घेतलं. अगदी शेवटपर्यंत. त्या वर्षी वास्तुशांत झाली नाही. गढीवर पाहुणे आले नाहीत, आणि त्या भिंतीला पुन्हा चुना लागला नाही.

अंबादास दिवाणखान्याचं काम अर्धवट टाकून निघाला. जाताना तो घाटावर थांबला. फोडांवर तेल लावून कोंडाई डाव्या हाताने धुणं आपटत होती. त्याने विचारलं, "बाई, सगळ्यांना खूण घातली, मग धन्याला का नाही?"

कोंडाईने वर पाहिलं नाही. "घरच्या कापडाला कोण खूण घालतं, बाबा? आपलं आपल्याला कळतंच की."

आजही वडांगीत घराला चुना द्यायचा झाला, तर आधी घरातली थोरली बाई अनवाणी भिंतीसमोर येते. कोळशाने, खडूने, मुलांनी जी काही माणसं काढून ठेवलेली असतात त्यांवर एकेक करून बोट ठेवते आणि विचारते, "हा कुठे असतो हल्ली?" काढणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. हा मामा, पुण्याला असतो. ही आजी, देवाघरी असते. सगळ्यांची उत्तरं झाली की मगच चुन्याची बादली उचलायची. गढीच्या भिंतीवर खिळ्याने स्वतःचं नाव कोरू लागलेल्या पाहुण्यालाही गेनूतात्या ओरडत नाहीत. नावावर बोट ठेवून तोच प्रश्न विचारतात, आणि बहुतेक पाहुणे खिळा खिशात घालतात.

शेवटच्या वाकलेल्या माणसापाशी मात्र कोणी काही विचारत नाही. लग्नाच्या वराती तिथून जातात तेव्हा त्याच्यापुढे एक धुवट कापड अंथरतात, आणि नवरानवरी त्यावर पाय न देता बाजूने जातात.