बायजाची मोरी

पाटाचं पाणी टेकडीखालच्या दगडी मोरीत जिथे शिरतं, तिथे काठावर देवीचं ठाणं आहे. पण इथे ना नारळ फुटतो, ना ओटी भरली जाते. असं का, हे आल्या-गेल्याला सांगून सांगून ठाणं राखणाऱ्या तापीरामबाबांचा घसा आणि गुडघे दोन्ही झिजलेत. धुळ्याहून पाहुणे उतरले, तसे बाबा पायरीवर टेकले आणि सांगू लागले.

फार मागे, म्हणे, उखर्डू नावाचा पाटकरी होता. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, हे तो पाहायचा. एका साली गहू ओंबीवर आला आणि पाणी रोडावलं. देवी कोपली, असं गावाने ठरवलं. मग पाण्यात नारळ, खण, लुगडी, ज्याला जे सुचेल ते पडू लागलं. तरी पाणी कमीच. शेवटी खापर फुटलं उखर्डूच्या माथी. तो वरच्या वर पाणी विकतो म्हणून पंचांनी बजावलं, "पुढच्या बाजाराच्या आत पाणी आलं नाही, तर बिऱ्हाड उचल."

उखर्डूची बायको बायजा. तिने लग्नातला शालूसुद्धा देवीला वाहिला होता. आता द्यायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून ती कंबर कसून मोरीत शिरली. हाताला पहिल्यांदा लागला नारळ. मग दुसरा. मग कुजलेले खण, पिळा पडलेली लुगडी. काठावरच्या बाया कडाकडा बोटं मोडत होत्या, कारण देवाला दिलेलं कुणी परत काढतं का? मदतीला एकही उतरली नाही. उखर्डू एकटा बाहेर ढीग लावत राहिला. सगळ्यात शेवटी निघाला तिचाच शालू. त्याच्यामागून पाणी धो धो सुटलं.

बायजा गळ्यापर्यंत चिखलाने माखून बाहेर आली आणि इथेच बसली. म्हणाली, "देवीनं काहीच अडवेल नही व माय. आपलाच नारय अडकेल सेतस. आते काढा, टाकू नका. मी थकनू." आडवी झाली, ती पुन्हा उठली नाही. शेवटच्या शेतात पाणी पोचलं, तेव्हा सांगायला आलेल्यांनी तिला खूप हलवलं, असं सांगतात.

तेव्हापासून तुंबलेलं मोकळं करण्याला या गावात 'बायजवणं' म्हणतात. मोरी बायजवतात, धुराडं बायजवतात, पोराचं नाकसुद्धा. साहेब लोकांनी इंग्रजी शब्द सांगून पाहिला, तो काही रुजला नाही. आणि देवीला नैवेद्य एकच: मोरीतला मूठभर गाळ काढून काठावर ठेवायचा.

पाहुण्यांनी माना डोलावल्या. एका बाईंनी तर डोळे पुसले, हात जोडले आणि जाता जाता झेंडूचा हार हळूच पाण्यात सोडला.

आजही, सगळं ऐकून झाल्यावर, कुणीतरी काहीतरी सोडतंच. गाडी वळणाआड गेल्यावर बाबांनी धोतर खोचलं आणि गुडघे धरत ते पाण्यात उतरले.

"मी बी थकनू व माय," ते ठाण्याकडे पाहून म्हणाले आणि त्यांनी मोरीत हात घातला.