अलीशिबाबाईची मोकळी ओळ

“नाताळ म्हणजे सांताचा वाढदिवस ना गं आई?” माझ्या पाच वर्षांच्या रिबकाने विचारलं. मी हसले, आणि मग तीन रात्री त्यावरच तळमळत राहिले. तिचा बाबा मस्कतला. घरात येशूबद्दल बोलणारी मी एकटीच, आणि माझी प्रार्थना अशी की अर्ध्यातच किराण्याची यादी सुरू होते. केक, चांदणी, लाल टोपी मी मन लावून जमवली होती. ज्याचा जन्मदिवस त्याचं नाव काढायचं तेवढं राहून गेलं होतं. विश्वास मुलीच्या हाती द्यायचा तर आधी आपल्याकडे असायला हवा, हीच खरी धास्ती.

म्हणून यंदा तिला घेऊन सासरच्या गावी, धोंडेमाळला आले.

इथलं चर्च माळावर आहे, दगडी, अगदी लहान. नाताळच्या सकाळी पहिलं भजन एक बाई एकटी सुरू करते. ती एक ओळ म्हणते आणि थांबते. उत्तराची ओळ खरं तर सगळ्यांनी म्हणायची, पण पहिल्या कडव्याला ती कुणीही म्हणत नाही. टाळ हातात धरून तेवढा वेळ सगळे गप्प. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला ती ओळ मी एकटीने खणखणीत म्हटली होती. सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात.

यामागची गोष्ट नथनेल आजोबांनी सांगितली. वय पंच्याऐंशी, चर्चची घंटा अजून तेच वाजवतात. आम्ही दोघी पायरीवर त्यांच्याशेजारी बसलो होतो.

प्लेगचं साल होतं म्हणे. उंदीर पडायला लागले तसं गाव रिकामं झालं, लोक ओढ्यापलीकडे शेतात झोपड्या घालून राहिले. गावात मागे राहिली ती अलीशिबाबाई. तिचा नवरा, इथला मास्तर, अंथरुणाला खिळला होता. ज्याच्या घरात प्लेगची गाठ त्याने ओढा ओलांडायचा नाही, असं ठरलं होतं. नाताळच्या चार दिवस आधी मास्तर गेला. खड्डासुद्धा तिनेच खणला, असं सांगतात.

नाताळच्या सकाळी तिने चर्च झाडलं, दार सताड उघडलं आणि भजन सुरू केलं. पहिली ओळ नेहमी मास्तर म्हणायचा, ती उत्तर देणाऱ्यांत असायची. त्या दिवशी तिने त्याची ओळ म्हटली आणि उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबली. मग पुढची ओळ. मग पुन्हा थांबली. अशी सातही कडवी.

“पलीकडे ऐकू येत होतं?” मी विचारलं.

“सगळं. माझी आजी तेव्हा आठ वर्षांची, त्या झोपड्यांतच होती.” आजोबांनी ओढ्याकडे हात केला. “कुणी उत्तर दिलं नाही, सूनबाई. आवाज दिला तर ती ओढा ओलांडून येईल, ही भीती. आजीच्या आईने तिच्या तोंडावर हात ठेवला होता.”

काही जण म्हणतात, उत्तर आकाशातून आलं. आजीने मात्र तसं काही ऐकलं नव्हतं.

साथ सरली, लोक परतले. अलीशिबाबाईने कुणाला बोल लावला नाही. पुढच्या नाताळला सगळे जमले, तिने पहिली ओळ म्हटली, आणि कुणाच्याच गळ्यातून उत्तर फुटेना. ती थांबली, जेवढं थांबायचं तेवढंच, आणि पुढे म्हणत राहिली. दुसऱ्या कडव्याला कुठे लोकांचा आवाज निघाला.

आजही ती ओळ मोकळी सोडतात. आजही तेवढ्या वेळात माणसं मान वर करत नाहीत.

मला वाटलं होतं, गोष्टीत शेवटी काहीतरी घडेल, दिवा आपोआप पेटेल, निदान घंटा वाजेल. मुलीला दाखवायला तेवढं बरं पडलं असतं. आता ती विचारणार, येशूने तरी उत्तर का नाही दिलं.

तिने तेच विचारलं. मी आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी माळाकडे.

रिबका पायरीवरून उतरली, फ्रॉक झटकला.

“अगं, बाळ होतं ना ते. झोपलं असेल,” ती म्हणाली. “मी झोपल्यावर तू पण गाणं म्हणत बसतेस की. मला माहितीये.”