श्वास घेण्याची पाळी

दमलेली माणसं गाण्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. पण एकदा एक फार दमलेली मुलगी गाण्याच्या निवडीसाठी जाऊन उभी राहिली, तिची ही गोष्ट आहे. तिचं नाव रेणुका. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होती. आई दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, वडील नोकरीपायी परगावी, आणि आईचं सगळं रेणुका एकटी करत असे; तासांना जेमतेम हजेरीपुरती जायची आणि धावत घरी यायची. दोन गल्ल्या पलीकडे सख्खी मावशी राहत होती. ती अधूनमधून येऊन म्हणायची, मी बसते गं, तू जरा बाहेर जाऊन ये. पण मावशीच्या हातची पेज घट्ट होते, तिला आईची कूस नीट बदलता येत नाही, अशी बारीकसारीक कारणं काढून रेणुका तिला चहा पाजून परत पाठवायची. अशी कर्तव्यदक्ष माणसं पुष्कळ घरांत असतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या शेजारी नुसतं बसलं तरी आपल्याला थकवा येतो.

त्या महाविद्यालयात एक गायकवृंद होता. त्यांच्या गाण्यात वाद्य म्हणून काही नसे. पेटी नाही, तबला नाही, तंबोरासुद्धा नाही. काही जणांनी षड्ज धरून ठेवायचा आणि त्यालाच तंबोरा समजून बाकीच्यांनी गायचं. वृंद बसवणारे गुरुजी वृद्ध होते आणि मोजकंच बोलत. रेणुका लहानपणी गाणं शिकली होती. जिथे कोणी आपल्याला औषधाची वेळ विचारणार नाही अशी दुसरी जागा तिला ठाऊक नव्हती. इथे निवड झाली नाही तर गाणं कायमचं सोडून द्यायचं, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

निवडीच्या दिवशी आईला औषध देऊन, उशाशी पाण्याचा पेला ठेवून आणि दाराला बाहेरून कडी लावून ती धावतपळत आली. एकटीनं गायची वेळ आली तेव्हा ती इतकी सुरेख गायली की वृंदातल्या जुन्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यानंतर गुरुजींनी चार उमेदवारांना एका ओळीत उभं केलं, षड्ज दिला, हात वर केला आणि सांगितलं, माझा हात खाली येईपर्यंत स्वर तुटू द्यायचा नाही.

चौघांनी छाती भरून श्वास घेतला आणि स्वर लावला. हात काही खाली येईना. रेणुकाचा दमसास पक्का होता, आणि तिच्या शेजारच्या दोघांनाही तिच्यापुढे कमी पडायचं नव्हतं. चौथा एक बारीक आवाजाचा मुलगा होता. तो मध्येच गप्प झाला आणि थोड्या वेळानं हळूच पुन्हा स्वरात शिरला. एकदम सुरू झालेले बाकीचे तिघे जवळजवळ एकदमच संपले, आणि दालनात तेवढा तो बारीक आवाज उरला. रेणुकाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तशी ती भिंतीला टेकली. गुरुजींनी हात खाली घेतला आणि त्या मुलाची निवड झाल्याचं सांगितलं.

सगळे पांगल्यावर रेणुका गुरुजींपाशी गेली. रागवायलाही अंगात त्राण लागतं, तेवढं तिच्यात उरलं नव्हतं.

"गुरुजी, तो मध्येच थांबला होता. मी एकदाही थांबले नाही."

"ऐकलं ना मी. तू थांबली नाहीस, म्हणूनच स्वर तुटला," गुरुजी म्हणाले. "बाळ, आमचा षड्ज अख्खं गाणं संपेपर्यंत चालतो. एवढा श्वास कुणाच्याच छातीत नसतो. शेजारचा गातोय हे कानाला कळलं की आपण थांबायचं, श्वास घ्यायचा आणि हळूच परत यायचं. मग तो थांबेल. तू शेजाऱ्याचा आवाज ऐकलाच नाहीस. सगळा स्वर तुझ्या एकटीच्या जिवावर उभा आहे, असं तुला वाटलं."

"पण थांबायचं कधी?"

"दमायच्या आधी. दमल्यावर थांबतो त्याला थांबणं म्हणत नाहीत, ते कोसळणं."

मग त्यांनी आत्ता घरी कोण आहे ते विचारलं. रेणुकानं पेल्यापासून कडीपर्यंत सगळं सांगितलं. तेव्हा त्यांनी तिला गुरुवारी पुन्हा यायला सांगितलं, पण घरी आईजवळ कुणीतरी बसलेलं असेल तरच.

मावशीकडे जाऊन 'येशील का' म्हणणं तिला त्या षड्जापेक्षा जड गेलं. मावशीनं मात्र काहीही उकरून काढलं नाही, किती वाजता येऊ एवढंच विचारलं. गुरुवारी ती आल्यावर रेणुका तिला औषधं, उशी, पेज, सगळं पुन्हा पुन्हा समजावत राहिली. तेव्हा मावशी शांतपणे म्हणाली, "अगं, ती तुझी आई व्हायच्या आधीपासून माझी बहीण आहे. जा तू."

गुरुवारी गुरुजींचा हात वर गेला. रेणुकानं वृंदातल्या मुलांबरोबर स्वर लावला, आणि श्वास पुष्कळ शिल्लक असतानाच ती थांबली. षड्ज चालूच राहिला. आपल्यावाचून काही म्हणता काही अडलं नाही, हे तिला आधी फार लागलं. मग तिला रडू आलं. कित्येक महिन्यांत दुसऱ्या कुणाचा स्वर तिनं असा उभं राहून ऐकला नव्हता. ऐकता ऐकता परत शिरायचंही ती विसरली, तेव्हा त्या बारीक आवाजाच्या मुलानं मानेनं खुणावून तिला आत घेतलं. हात खाली आला. सोमवारपासून येत जा, असं म्हणून गुरुजी पुढच्या उमेदवाराकडे वळले.

घरी ती नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा पोचली. मावशीनं आईच्या केसांच्या दोन वेण्या घातल्या होत्या, शाळेतल्या मुलींच्या असतात तशा. पाठीमागच्या उशा चुकीच्या लागल्या होत्या आणि आई एका अंगाला कलली होती. रेणुका त्या सारख्या करायला पुढे झाली, तशी आई जड जिभेनं म्हणाली, "आज तुझी वाट बघितली."

रेणुकाला ती तक्रारच वाटली. फार उशीर झाला का, असं तिनं घाबरून विचारलं. आईनं मान हलवली आणि एकेक शब्द सावकाश जुळवत म्हणाली, "तसं नाही गं. दीड वर्षात तू कधी उशिरा आलीच नाहीस. लेकीची वाट बघणं एवढं एक काम मला अजून जमण्यासारखं होतं, तेही तू मला करू देत नव्हतीस."

रेणुका उशा तशाच सोडून आईच्या शेजारी आडवी झाली, आणि तिला झोप लागल्यावर मावशीनं तिला उठवलं नाही.