आबांसाठी बांधलेले बाथरूम

उसाच्या मुलखातल्या एका गावात बसवंतशेठ नावाचा गुळाचा व्यापारी राहत होता. माणूस मनाने चांगला, पण उत्साही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की घरच्यांना सावध राहावे लागते.

त्याचे वडील आबा ऐंशीच्या पुढचे, गुडघे गेलेले. मोरी परसात आणि वाटेत तीन पायऱ्या. रोज गडी त्यांना धरून नेई आणि लहान मुलासारखी अंघोळ घाली. एके दिवशी आबा म्हणाले, "बसवंता, मरायच्या आधी दाराला कडी लावून माझ्या हातानं अंघोळ करायची आहे. एवढं कर."

शेठचे डोळे भरून आले. त्याच दिवशी त्याने आबांच्या खोलीला लागून बाथरूम काढायचे ठरवले.

दस्तगीर मिस्त्री टेप घेऊन आला. त्याने जागा मापली. मग आबांशेजारी बसून त्यांचा गुडघा किती वाकतो, हात कुठवर पोचतो, हेही पाहून घेतले. म्हणाला, "शेठ, काम सोपं आहे. खरबरीत फरशी, बसायला कट्टा, भिंतीला दांडा आणि हाताशी नळ."

"कट्टा?" शेठ हसला. "अरे, बाथरूम बांधतोयस की चावडी? जरा शहरात जाऊन बघ!"

मिस्त्री गेला नाही, शेठच गेला. पहिल्या खेपेला टब ठरला. दुसऱ्या खेपेला डोक्यावर, पाठीवर आणि कमरेवर एकदम पाणी सोडणारा शॉवर ठरला. तिसऱ्या खेपेला टाइल्स ठरल्या. त्या इतक्या गुळगुळीत होत्या की दाखवताना दुकानदार स्वतः भिंत धरून चालत होता.

गाव नुसते उसळले. रोज संध्याकाळी नकाशावर वीस डोकी वाकत. सरपंचांनी टाइल्सचा रंग सुचवला. टबात डोके उत्तरेला येऊ नये, असे भजनी मंडळाने बजावले. ज्यांच्या घरी नळही नव्हता, ते शॉवरवर अधिकाराने बोलू लागले.

आबा खाटेवरून विचारत, "माझं काय ठरलं रे?"

"आबा, तुम्ही फक्त बघत राहा!"

मिस्त्रीने एकदाच तोंड उघडले. "शेठ, टबाची कड मांडीएवढी उंच आहे. आबा पाय कसा टाकणार?"

"एकदा आत बसले की पायांचं कामच काय?"

"आत जायला लागतात ना, शेठ."

पण शेठ तोवर भिंतीवर लावायच्या आरशाकडे वळला होता.

पाडव्याच्या सकाळी उद्घाटन झाले. सारा गाव लोटला. नारळ फुटला, पेढे फिरले. आबा खांद्यावर पंचा टाकून काठी टेकत उंबऱ्याशी आले. फरशीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. त्यांनी काठी पुढे टेकवली. ती सर्रकन घसरली.

मग भजनी मंडळातले चौघे बाह्या सरसावून पुढे झाले. "हात्तिच्या! आम्ही उचलून ठेवतो की टबात!"

आबा म्हणाले, "चौघांनी उचलायचंच असेल तर जरा थांबा. तो दिवस काही लांब नाही."

चौघे मागे सरले. आता सगळे शेठकडे पाहू लागले. आबांना उचलून टबात बसवले असते, तर गावाने टाळ्याच वाजवल्या असत्या. शेठने टबाकडे पाहिले, आबांच्या खांद्यावरच्या पंच्याकडे पाहिले आणि डोक्यावरचा फेटा काढला.

"मंडळी, चूक माझी झाली. पेढे घ्या आणि या आता. दस्तगीर, पहार आण. आबा, तुम्ही खुर्चीवर बसा आणि काय कुठं पाहिजे ते सांगा."

पंधरा दिवसांत नवी फरशी बसली, दांडा लागला, आबांच्या गुडघ्याच्या मापाचा कट्टा झाला. टब गोठ्यात गेला. त्याच्या दिशेविषयी म्हशींनी तक्रार केली नाही.

आबा आत गेले. कडी वाजली. पाण्याचा आवाज येऊ लागला. अर्धा तास झाला, तास झाला. बाहेर शेठ येरझाऱ्या घालत होता. शेवटी न राहवून त्याने दार ठोठावले.

"आबा, झाली का अंघोळ?"

"आत्ता कुठं सुरू झालीय!" आतून खणखणीत आवाज आला. "तू दुकानावर जा!"

तात्पर्य: ज्याच्यासाठी करायचे, त्यालाच आधी विचारावे. गावाला विचारून केलेली सेवा गावालाच आवडते, आणि गाव तर आपापल्या घरी अंघोळ करून आलेले असते.