तणमोराचे तुरे

कान्हेगव्हाण गावात झुंबर साळवे नावाचा एक फोटोवाला राहत होता. कामाला वाघ, पण त्याचा हात स्वस्थ बसेल तर शपथ! फोटो काढला की तो सजवल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. नवरीला गोरी कर, आभाळ निळं कर, म्हाताऱ्याच्या सुरकुत्या पूस. एकदा तर एका सासूनं स्वतःच्याच सुनेचा फोटो हातात घेऊन ही पाहुणी कोण म्हणून विचारलं होतं.

झुंबर हे काम हमीदचाचांकडे शिकला. चाचा रिळाच्या कॅमेऱ्याच्या काळातले. त्यांचा दंडक एकच. प्रिंटशी काय खेळायचं ते खेळा, निगेटिव्हला बोट लावायचं नाही. डिजिटल कॅमेरा आला आणि झुंबरनं तो दंडक गुंडाळून ठेवला. आता निगेटिव्हच नाही, तर जपायचं काय? फाईल उघडायची, बदलायची, त्याच नावानं सेव्ह करायची. जागा वाचावी म्हणून कॅमेराही कायम जेपीजीवर लावलेला.

गावाच्या उत्तरेला चारशे एकरांचं गवताळ माळरान होतं. ठकूबाई कोकरे यांची मेंढरं तिथं चरायची, अर्ध्या गावाची गुरंही तिथंच. ते रान खडी फोडणाऱ्या एका कंपनीला द्यायचं घाटत होतं. एकदा का तिथं सुरुंग उडाले की रानही गेलं आणि मेंढरंही गेली.

आणि ऐन श्रावणात ठकूबाई धापा टाकत झुंबरच्या दुकानात आल्या. रानात तणमोर आलाय म्हणाल्या! आता हा तणमोर म्हणजे कोंबड्याएवढा पक्षी. एरवी गवतात असला तरी दिसायचा नाही. पण पावसाळ्यात नर गवतातून उसळी मारतो ती माणसाच्या डोक्याइतकी उंच, आणि पापणी लवायच्या आत पुन्हा खाली. त्याच्या डोक्यामागं केसासारखे बारीक तुरे असतात, तीच त्याची खूण. असा दुर्मीळ पक्षी रानात आहे हे सिद्ध झालं तर रान वाचणार होतं. तालुक्याच्या वनाधिकारी वळवी मॅडमनी पुराव्यासाठी दहा दिवसांची मुदत दिली.

झुंबरच्या अंगात वारंच शिरलं. पहाटेपासून तो गवतात पालथा पडायला लागला. चिखल, डास, कोपरं सोललेली, कशाची म्हणून पर्वा नाही. आणि पाचव्या दिवशी सकाळी तणमोर उडाला! काळी मान, पांढरे खांदे, पाय पोटाशी. झुंबरनं बटण दाबलं आणि तिथंच गवतात उभं राहून नाच केला. मेंढरं बुजली म्हणून ठकूबाईंनी शिव्या घातल्या, पण हसत हसत.

दुकानासमोर ही गर्दी जमली. जो तो सल्ला द्यायला पुढं. सरपंचांनी पक्षी मोठा करायला सांगितलं. झुंबरनं चारी बाजू कापल्या, सेव्ह. मास्तरांना तो अंधारात वाटला. उजळला, सेव्ह. कुणाला गवत हिरवंगार हवं, कुणाला आभाळ निळं. सेव्ह, सेव्ह. सगळ्यांच्या फोनवर पाठवायला फाईल जड होते म्हणून ती लहान केली, तीही त्याच नावानं. मग कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून मोकळं केलं. संध्याकाळपर्यंत पोपटासारखा रंगीत फोटो तयार झाला आणि गावानं पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी झुंबर, सरपंच आणि ठकूबाई तालुक्याच्या कचेरीत गेले. वळवी मॅडमनी तो फोटो प्रोजेक्टरनं भिंतीवर मोठा करून पाहिला. अरे देवा! पक्ष्याच्या डोक्याजागी नुसते चौकोनी ठिपके. तुरे आभाळात विरघळून गेलेले. तो तणमोर होता, कावळा होता की कुणाची उधळलेली कोंबडी, छातीवर हात ठेवून सांगायची सोय उरली नव्हती. मॅडमनी मूळ फाईल मागितली.

सरपंच झुंबरच्या कानाशी लागले. कॅमेरा जुना आहे असं सांगून मोकळा हो म्हणाले. झुंबरच्याही जिभेवर तेच आलं होतं. पण दारात ठकूबाई काठी धरून उभ्या होत्या. त्यांच्याकडं पाहिलं आणि ती थाप त्याला मारवेना.

“मॅडम, मूळ हेच होतं,” तो म्हणाला. “माझ्याच हातानं बिघडवलं मी.”

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी नीट समजावलं. जेपीजी फाईल लहान होते ती फुकट नाही. जागा वाचवायला बारीकसारीक तपशील टाकून देते. बदल करून पुन्हा सेव्ह केली की पुन्हा थोडे टाकते. गेलेले परत येत नाहीत. कॅमेऱ्यानं पाहिलं ते सगळं ठेवायचं तर रॉ फाईल घ्यावी. मुदत मात्र वाढणार नव्हती. चार दिवस उरले होते.

परतीच्या वाटेवर झुंबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेढे खाल्लेल्या तोंडांनीच गाव आता त्याला बोल लावत होतं. तो कॅमेरा घेऊन हमीदचाचांकडं गेला. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, “बेटा, रॉ म्हणजेच निगेटिव्ह. ती गेलीच नव्हती, तूच तिला विसरलास.”

झुंबरनं कॅमेरा रॉवर लावला. कार्डावर आधी हजार फोटो मावायचे, आता दोनशेच. मावेनात का! पहिला दिवस रिकामा गेला. दुसऱ्या दिवशी धुकं. तिसऱ्या दिवशी पक्षी उडाला तो पाठमोरा. चौथ्या दिवशी ठकूबाईंनी मेंढरं लांब वळवली, कुत्र्याला बांधून ठेवलं आणि स्वतः तोंडावर पदर धरून बसल्या. सूर्य कासराभर वर आला. गवत हललं. आणि उडाला! एकदा, दोनदा, तीनदा! झुंबरनं तिन्ही वेळा बटण दाबलं, कॅमेरा तसूभरही हलू दिला नाही.

दुकानात येऊन फोटो उघडला तर काय, अगदी मळकट! आभाळ राखी, गवत पिवळट, पक्षी एवढासा. गर्दीचा हिरमोड झाला. सरपंच म्हणाले, जरा उजळ कर बाबा, असं तोंड घेऊन कचेरीत जायचं का? झुंबरचा हात शिवशिवला. सवयीनं बोट बटणावर गेलंसुद्धा.

त्यानं हात मागं घेतला. आधी त्या फाईलची प्रत दुसऱ्या कार्डावर घेतली. मग मूळ फाईलला हात न लावता तिच्यावरून एक टिफ फाईल केली आणि हवी ती रंगरंगोटी त्या टिफवर केली, कारण टिफ कितीही वेळा सेव्ह केली तरी काही गमावत नाही. सगळं झाल्यावर शेवटी फोनसाठी एक छोटी जेपीजी काढली. गावाला रंगीत पक्षी मिळाला. तालुक्याला तो ठकूबाईंबरोबर निघाला मळकट फाईल खिशात घेऊन.

मॅडमनी ती भिंतीवर मोठी केली. आणखी मोठी केली. कचेरीतला शिपाईसुद्धा हातातला चहा विसरून पुढं आला. राखी आभाळावर काळे तुरे एकेक करून उमटले होते, बारीक, वळलेले, टोकाला पानासारखे रुंद. मॅडमनी बोटानं मोजले. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. मग खुर्ची ओढून त्या अहवाल लिहायला बसल्या. रान वाचलं!

झुंबरला वाटलं, आनंदानं आता इथंच नाचावं. पण ठकूबाई भिंतीजवळ गेल्या होत्या. त्यांनी तुऱ्यांवरून बोट फिरवलं, मग त्याच्याकडं वळल्या.

“ह्यो मी पाहिलेला पक्षी हाय, बाबा,” त्या म्हणाल्या. “मागचा तू केलेला हुता.”

तात्पर्य: हौस भागवायची ती नकलेवर, अस्सल आहे तसंच जपावं, कारण त्यातलं जे एकदा पुसलं गेलं ते कितीही रंग चढवले तरी परत येत नाही.